अंगठ्याला वजन लावणार म्हणतात, ते कशाला?

प्रश्न : माझे यजमान ६४ वर्षांचे आहेत. वर्षभरापासून उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. नेहरू पार्कला दोन फेऱ्या झाल्या की पाऊल बाहेरच्या कडेवर टाकत घरी येतात. एमआरआयमध्ये सांध्यात कूर्चेचा सुटा तुकडा आणि वरच्या बाजूला थोडं वाढलेलं हाड दिसलं. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय. पण अंगठा जाळीत अडकवून वजनाने ओढून ठेवणार, हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे. सासऱ्यांची मांडी मोडली तेव्हा पायाला विटा टांगून त्यांना दीड महिना निजवून ठेवलं होतं. तसंच का हे? अंगठा निखळणार तर नाही?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, त्या विटा आधी मनातून काढा. दोन्हीकडे नाव ट्रॅक्शनच, म्हणजे ओढ देणं, काम मात्र निराळं. मांडीचं हाड मोडलं की भोवतीचे दांडगे स्नायू तुटलेली टोकं एकमेकांवर चढवतात. ती जागेवर राहावीत म्हणून तेव्हा आठवडेच्या आठवडे ओढ द्यायचे. यजमानांच्या अंगठ्याला ओढ बसेल ती फक्त टेबलावर, पाय बधिर असताना. वॉर्डात परत येतील तेव्हा अंगठ्याला काही टांगलेलं नसेल.

ओढायचं ते जागेसाठी. हा सांधा म्हणजे उथळ वाटीत टेकलेला गोळा. दोन्हीवर गुळगुळीत कूर्चा आणि मधे फट नावालाच. गुडघ्यात आम्ही ४ मिमीची दुर्बीण घालतो, इथे १.९ किंवा २.७ मिमीची. तीसुद्धा फट न उघडता सारली तर तिचं टोक कूर्चा खरवडतं, आणि कूर्चेवरचा ओरखडा कातडीसारखा भरून येत नाही. ओढ दिली की काही मिलिमीटर जागा होते, तेवढी पुरते. दोन्ही बाजूंचे बंध मजबूत असतात, त्यामुळे एवढ्याने अंगठा निखळत नाही. जपानच्या मासाकी वातानाबे यांनी या सांध्याची दुर्बिणीची पद्धत १९७२ साली मांडली, म्हणजे यजमानांवर काही नवा प्रयोग होत नाहीये.

आता ती जाळी. लसूण ज्या लांबट जाळीत बांधून मिळतो ती घ्या, आत बोट घाला आणि पुढचं टोक ओढा. जाळी लांबते आणि बोटाभोवती आवळते. दोरी बांधली तर सगळा ताण एका वळ्यावर येईल, जाळीत तो कातडीभर वाटला जातो. काही सर्जन जाळी न लावता सहाय्यकाला हातानेच अंगठा ओढून धरायला सांगतात. तेही चालतं.

अंगठा ओढला की वरच्या कंडरेच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या, दोन्ही बाजूंना बोटाखाली बारीक खळगा लागतो. तिथून सुईने सलाइन आत सोडायचं. ते सुईतून उलटं परत आलं की समजावं, सुई सांध्यातच आहे. मग सुरीने फक्त कातडी कापायची आणि पुढची वाट बोथट चिमट्याने करायची, कारण अंगठ्याच्या संवेदनेची बारीक नस तिथूनच जाते.

या नसेपायी मी एक धडा घेतला आहे. सुरुवातीच्या काळात एका तरुणाच्या सांध्यात तुकडा शोधण्यात मी इतका गुंतलो की ओढ मधे एकदाही सैल केली नाही. ऑपरेशन उत्तम झालं, पण अंगठ्याची आतली कड बधिर राहिली. दर शनिवारी तो यायचा, मी कापसाचा धागा फिरवायचो, तो मान हलवायचा. सातव्या आठवड्यात त्याने पाय झटकन मागे घेतला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून फटीतलं काम संपलं की मी ताबडतोब ओढ काढायला सांगतो. वरचं वाढलेलं हाड घासायला तर ती नकोच. सांध्याभोवतीचं आवरण ओढलं की ताणून हाडाला चिकटतं, सैल सोडलं की वर जागा होते. तुमच्या सर्जनना हे जरूर विचारा, ‘ओढ किती वेळ, आणि मधे सोडणार का?’ विचारण्यात काही वावगं नाही.

यजमानांना मधुमेह आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. असेल, कातडी पातळ असेल, भेगा असतील किंवा पाय आधीपासूनच बधिर असेल, तर ऑपरेशनच्या आधीच सांगा. अशा अंगठ्याला जाळी लावायची की नाही, याचा वेगळा विचार करावा लागतो. आणि भूल पूर्ण उतरल्यावरही अंगठा बधिर वाटला, तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.