केजीएफमध्ये, म्हणजे कर्नाटकातल्या कोलारच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावात, पडक्या चाळी सोडून बघण्यासारखं काय आहे? तिथल्या पांढऱ्या डोंगरांवर लेकरांना चढवता येतं का?

डोंगरांवर लेकरांना अजिबात चढवू नका. ते देवानं केलेले डोंगर नाहीत. खाणीतला दगड दळायचा, सायनाइडच्या पाण्यात सोनं उतरवून घ्यायचं आणि उरलेला भुगा बाहेर टाकायचा, असं शंभर वर्षं चाललं, त्याचे ते ढीग आहेत. वारं सुटलं की ती धूळ आसपासच्या घरांत जाते.

आता 'पडक्या चाळी सोडून'. मी बीड जिल्ह्यातला, ऊसतोड्याचा मुलगा, फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत वाढलेला. लेक बंगळुरूला नोकरीला आहे, तिच्याकडं गेलो तेव्हा साडू सोबत होते. त्यांना साहेबांचे बंगले आणि क्लब बघायचा होता. मी मात्र चॅम्पियन रीफ खाणीच्या लेबर लाइनीत, म्हणजे कामगारांच्या चाळीत शिरलो. एका दारात म्हातारबाबा बसले होते. खाणीत कामाला होते, हिंदी मोडकीतोडकी, तरी हाताला धरून आत नेलं. एकच खोली. त्यांचा बाप तिथंच राहिला, तेही तिथंच. नातू पहाटेच्या गाडीनं बंगळुरूला कामाला जातो, रात्री परततो. चार वाक्यं बोलले की त्यांना धाप लागायची. दगडाच्या धुळीनं फुफ्फुसं जातात, सिलिकोसिस म्हणतात त्याला.

साडू बाहेर येऊन म्हणाले, "खाण बंद झाली तर ही माणसं दुसरीकडं का गेली नाहीत?" हेच ते गावाकडं म्हणतात, की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, खायची सवय लागली म्हणून लोक ऊसतोडीला कारखान्यावर जातात. साफ चूक आहे. 1880 मध्ये खाण चालवायला जॉन टेलर ही इंग्रज कंपनी आली, तेव्हा तमिळ मुलखातली भूमिहीन माणसं, बहुतेक दलित, पोटासाठीच इथं उतरली. तीन किलोमीटर खोल, हात लावला तर भाजेल असा खडक, वरून कधी स्फोटासारखा फुटणारा. 1930 मध्ये कामगारांच्या बोटांचे ठसे घ्यायला लागले तर याच माणसांनी संप केला. आळशी माणसं असा संप करत नाहीत. 28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी तेवढंच काम केलं त्यांनी जायचं कुठं? आमच्याकडं पाऊस गेला की फडावर जावं लागतं, त्यात हौस कसली?

म्हणून चाळीच बघा. लेकरांना दाखवा, तिथल्या माणसांशी बोलायला लावा.

बंगळुरूहून मारिकुप्पमची लोकल पकडा, चॅम्पियन स्टेशनला उतरा. खाणीत उतरता येत नाही, शाफ्ट, म्हणजे खाली उतरायचे उभे बोगदे, बंद आहेत, त्यांच्या जवळ जाऊ नका. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका. कुणाच्या दारासमोर फोटो काढायचा तर आधी विचारा. बंगले आणि क्लब वेळ उरला तर.