परदेशी न्यायालयाचा घटस्फोट इथे बंधनकारक आहे का?

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न साताऱ्यात हिंदू पद्धतीने झाले. दीड वर्ष ती पतीबरोबर अमेरिकेत राहिली, आता माहेरी आहे. जावयांनी तिथल्या न्यायालयात घटस्फोटाचा दावा लावला असून ‘संबंध कायमचे तुटले’ एवढेच कारण दिले आहे. कागदपत्रे कुरिअरने आली आहेत. तिने उत्तर द्यावे की गप्प राहावे? – एक वाचक, सातारा

उत्तर : परदेशी न्यायालयाचा निकाल भारतात एरवी निर्णायक मानला जातो, परंतु त्या न्यायालयाला अधिकारक्षेत्रच (म्हणजे तो दावा चालवण्याचा अधिकारच) नसेल, त्याने दाव्याचे गुणदोष तपासले नसतील किंवा निकाल फसवणुकीने मिळवलेला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ नुसार तो इथे बंधनकारक राहत नाही. विवाहासंबंधी याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये वाय. नरसिंह राव प्रकरणात स्पष्ट केला. तो विवाह तिरुपतीला झाला होता आणि पतीने अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातून घटस्फोट आणला होता. ज्या कायद्याखाली लग्न लागले, त्याच कायद्याने नेमलेले न्यायालय आणि त्याच कायद्यातले कारण हवे, असे न्यायालयाने सांगितले. अपवाद थोडे आहेत, पण त्यांतला एक आपल्यासाठी फार महत्त्वाचा आहे : पत्नीने घटस्फोटाला संमती दिली, तर ती हरकत उरत नाही. म्हणून ‘नुसती औपचारिकता आहे’ असे सांगून पुढे केलेल्या कोणत्याही कागदावर मुलीने सही करू नये.

‘संबंध कायमचे तुटले’ हे कारण हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३ मध्ये नाही, त्यामुळे आपली बाजू भक्कम आहे. तरीही गप्प राहणे मला धोक्याचे वाटते. इथे न चालणारा एकतर्फी निकालही अमेरिकेत लागू राहतो, आणि तिथल्या घराचा, पैशांचा निर्णय त्याच्या आधारे होऊ शकतो. तिथल्या वकिलामार्फत केवळ अधिकारक्षेत्राची हरकत नोंदवावी. समन्स कसे बजावले, तोही मुद्दा घ्यावा, कारण परदेशी समन्स थेट टपालाने बजावण्यास भारताने हेग करारात (परदेशी समन्स बजावण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारात) हरकत घेतलेली आहे. ते केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत यायला हवे.

त्याचबरोबर साताऱ्यात आपला अर्ज दाखल करावा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १९ नुसार लग्न जिथे लागले तिथे तो करता येतोच, शिवाय २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नीला स्वतः राहते त्या ठिकाणीही करता येतो. कुरिअरचे पाकीट आणि पोच जपून ठेवावी. उत्तराची मुदत कधीपासून मोजायची, हे तिथला वकील त्यावरची तारीख पाहूनच सांगेल.