घरी वाफेवर चालणारं छोटं रेल्वे इंजिन बनवता येतं का?

तुम्ही विचारलंय की तयार किट न घेता, खरोखर कोळशावर आणि वाफेवर चालणारं इंजिन घरी बनवता येतं का आणि बॉयलर फुटायची भीती किती.

येतं. माझ्या काकांनी बनवलंय, इथे बडोद्यात, मागच्या पडवीत. सहा वर्षं मी त्यांचा हेल्पर होतो म्हणून सांगतो. काकांचं आयुष्य मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) टूलरूममध्ये लेथवर गेलं, रिटायर झाल्यावर जुना साडेचार फुटी लेथ घेतला. लहानपणी डभोईच्या नॅरोगेजची इंजिनं बघून वेड लागलेलं, तीच गायकवाडांची लाईन जिच्यावर १८६२ साली सुरुवातीला गाडी बैल ओढायचे.

इंजिन ५ इंच गेजचं आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ५ इंच, बडोद्याच्या कमाटी बागेतल्या जुन्या छोट्या गाडीच्या साधारण निम्मं. चार चाकं, दोन सिलिंडर. चाकं, सिलिंडर, व्हॉल्व्ह गियर (सिलिंडरमध्ये वाफ वेळेवर आत-बाहेर सोडणारी यंत्रणा) हे सगळं लेथवर काम केलेल्या माणसाला जमतं, फक्त चाकं फिरवणारे दोन क्रँक एकमेकांशी काटकोनात बसवायचे, नाहीतर दोन्ही पिस्टन एकदम टोकाला येऊन इंजिन डेड सेंटरवर अडकतं आणि हाताने ढकलावं लागतं. बॉयलर व्हायच्या आधी काकांनी नुसती चासी गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडे नेली आणि त्याच्या कंप्रेसरची हवा सोडली. चाकं फिरली तेव्हा तो पंक्चरवाला आमच्यापेक्षा जास्त खुश झाला.

खरं काम बॉयलरचं. अख्खं इंजिन लहान करता येतं पण आग आणि पाणी लहान होत नाहीत. मोठ्या इंजिनात आगीचा गरम धूर पाण्यातून नेणाऱ्या शंभराच्या वर ट्यूब असतात, त्या तशाच प्रमाणात बारीक केल्या तर राखेने लगेच चोंदतील, म्हणून आमच्यात जाड अशा तेराच आहेत. बॉयलर तांब्याचा, ४ इंची पाईप, जोड सगळे चांदीच्या ब्रेझिंगचे, म्हणजे चांदी मिसळलेली कांडी वितळवून केलेले. साधं शिशाचं सोल्डर बॉयलरला कधीच लावू नका, ते दोनशे डिग्रीच्या आसपास वितळतं. आणि कॅडमियम असलेली ब्रेझिंगची कांडी घेऊ नका, तिचा धूर विषारी असतो.

आमची चूक इथेच झाली. फायरबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरमध्ये आग पेटते त्या पेटीच्या, खालच्या कोपऱ्यात ब्रेझिंग करताना ज्योत कमी पडली. तांबं उष्णता नुसतं खाऊन टाकतं, बर्नर एका जागी धरला तरी ती सगळीकडे पळते आणि चांदी वरच्यावर गोळा होऊन बसते, जोडात शिरत नाही. वरून सुंदर दिसत होतं. आम्ही चालवायचं ८० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबावर म्हणून टेस्ट १६० वर, आणि ती पाण्याने भरून हातपंपाने करायची, कारण पाणी दाबलं जात नाही, जोड सुटला तरी नुसती चिरकांडी उडते, हवेने किंवा वाफेने केली तर स्फोट. ११० ला त्या कोपऱ्यात एक थेंब आला. काका काही बोलले नाहीत, टॉर्च लावून बराच वेळ त्या थेंबाकडे बघत बसले. मग कमर्शियल गॅसचा सिलिंडर आणला, दोन बर्नर घेतले, विटांच्या खळग्यात खालून लोणारी कोळशाचा शेक दिला, आणि या वेळी चांदी पाण्यासारखी अख्ख्या जोडाभोवती धावली. १६० ला अर्धा तास दाबाचा काटा हलला नाही.

आता भीतीचं. नीट टेस्ट केलेल्या बॉयलरला पुढचा धोका पाणी कमी पडण्याचा. फायरबॉक्सच्या छतावरचं पाणी जाऊन ते उघडं पडलं की तांबं मऊ होतं. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या बारीक काचेच्या नळीत पाणी चिकटून बसतं, मध्ये बुडबुडा अडकतो आणि पातळी खोटी दिसते, म्हणून खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं आणि परत कुठे येऊन थांबतं ते बघायचं, दर थोड्या वेळाने. काका कुणाशी बोलत असले तरी डोळा काचेवर असतो. दाब वाढला की वाफ आपोआप सोडणारे दोन सेफ्टी व्हॉल्व्ह हवेतच, आणि बोअरचं पाणी नको, क्षार बसतो, आम्ही पावसाचं साठवतो.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर आधी चासी करा, कंप्रेसरवर फिरवा, तोवर तांब्याच्या तुकड्यांवर ब्रेझिंगचा हात बसवा, तुकडे करवतीने कापून जोड आतून बघा. बडोद्यात असाल तर या, रविवारी सकाळी काका आग पेटवतात.