पांढरा डाग नेमका कशाचा?

प्रश्न : मी बारावी विज्ञानला आहे. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आवडतात. गेल्या वर्षी आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. मेंदूतली गुठळी काढल्यावर लगेच सीटी स्कॅन केला, तेव्हा संगणकाने ‘रक्तस्राव’ अशी लाल खूण दाखवली. डॉक्टर स्कॅन पाहून म्हणाले, ‘ही डाय असावी, उद्या पुन्हा बघू.’ दुसऱ्या दिवशी डाग नव्हता! मला याच कामात जायचं आहे. पण डॉक्टर होऊ की एआय शिकू? बाबा म्हणतात, रेडिओलॉजिस्टचं, म्हणजे स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम आता मशीनच करणार.

उत्तर : करिअरचं नंतर बोलू. आधी त्या लाल खुणेकडे बघू, कारण तुझा प्रश्न तिथेच सुटेल असं मला वाटतं.

सीटी स्कॅनमधल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक आकडा असतो. पाण्याचा ०, हवेचा उणे १०००. ताज्या रक्ताचा आकडा मेंदूच्या पेशींपेक्षा जास्त, म्हणून ते पांढरं दिसतं. गुठळी काढताना रक्तवाहिनी नीट दिसावी म्हणून आयोडीन असलेली डाय सोडतात. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती गळक्या झालेल्या असतात, तिथून ही डाय पाझरते आणि तीही पांढरीच दिसते. फरक कळतो तो वेळेने. डाय साधारण एक-दोन दिवसांत ओसरते, रक्त इतक्या लवकर जात नाही. दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या क्ष-किरणांनी काढलेल्या, म्हणजे ड्युअल एनर्जी सीटीमध्ये आयोडीन आणि रक्त वेगळं ओळखता येतं, पण तसं यंत्र प्रत्येक ठिकाणी नसतं. आणि हा काही कागदोपत्री फरक नव्हे. रक्त पातळ ठेवणारी औषधं कधी सुरू करायची, हे त्यावर ठरतं.

आता संगणक का चुकला? तुमच्याकडचं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही, पण एक शक्यता दाट आहे. रक्तस्राव ओळखणारी मॉडेल्स बरीचशी रुग्ण दाखल होतानाच्या स्कॅनवर शिकलेली असतात. त्या स्कॅनमध्ये पाझरलेली डाय नसतेच. मग जे पांढरं दिसेल ते रक्त, एवढंच त्याला ठाऊक. उपचारानंतरचा मेंदू हा त्याच्यासाठी न शिकवलेला धडा.

बाबांचं म्हणणं मात्र हवेतलं नाही. २०१६ मध्ये आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक, खुद्द जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं, पाच वर्षांत यंत्र त्यांच्या पुढे जाईल. ती पाच वर्षं २०२१ लाच संपली आणि रेडिओलॉजिस्ट अजून कामात बुडालेले आहेत. पण यंत्र आलंच नाही असंही नाही. पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या डॉन आणि डिफ्यूज-३ या दोन उपचार-चाचण्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मेंदूचा किती भाग गेला आणि किती वाचवता येईल, हे त्यांत सॉफ्टवेअरने मोजलं. उशिरा आलेल्या काही निवडक रुग्णांनाही गुठळी काढल्याचा फायदा होतो, हे त्यातून दिसलं. डॉनमध्ये ही मुदत झटक्यानंतर २४ तासांपर्यंत होती. मोठी रक्तवाहिनी बंद असताना मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक अंदाज आहे. तिथे यंत्राचा वेग कामाला येतो. उपचारानंतर मात्र प्रश्न ‘किती लवकर’ हा राहत नाही, ‘हे काय आहे’ हा होतो.

म्हणून तुला एकच विचारते. त्या दिवशी तुझं मन कशात अडकलं? ‘उद्या पुन्हा बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयात, की यंत्र का चुकलं या कोड्यात?

निर्णयात अडकलं असेल तर वैद्यकीय शाखा घे. पुढे रेडिओलॉजी किंवा न्यूरोलॉजीपर्यंत जायला दहाएक वर्षं जातात, हे घरी आत्ताच स्पष्ट सांग. प्रोग्रॅमिंग वाटेत शिकता येतं. उलट दिशेने तसं जमत नाही, कोडिंग करता करता कुणी रुग्ण तपासायला लागत नाही.

कोड्यात अडकलं असेल तर संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग. यात संख्याशास्त्राकडे मुलं नाक मुरडतात, आणि इथे मी जरा हट्टी आहे. कारण बघ. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या १९९५ सालच्या चाचणीत, औषध दिलेल्या ६.४ टक्के रुग्णांना प्रकृती बिघडवणारा मेंदूतला रक्तस्राव झाला. अशा रुग्णांसाठी मी डोळे मिटून ‘कुणालाच रक्तस्राव होणार नाही’ असा प्रोग्राम लिहिला, तरी तो जवळपास ९४ टक्के वेळा बरोबर ठरेल. आणि ज्यांच्यासाठी तो हवा होता, त्यातला एकही त्याला सापडणार नाही. ‘आमचं मॉडेल ९४ टक्के अचूक’ ही जाहिरात वाचून ज्याच्या कपाळावर आठी पडते, असा माणूस या क्षेत्रात हवा आहे.

तिसरी वाट तुझ्या पत्रात नाही. स्कॅन काढणारे इमेजिंग तंत्रज्ञ. डोकं वाकडं राहिलं, रुग्ण हलला, की पुढचं सगळं गणित बिघडतं, आणि ते सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं. प्रवेशाच्या चर्चेत ही शाखा कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

सध्या परीक्षा सांभाळ. ‘एका महिन्यात हेल्थकेअर एआय तज्ज्ञ’ छापाच्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नकोस. सुट्टीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिक आणि आयल्स (ISLES) नावाची स्पर्धा शोध. पक्षाघाताने मेंदूचा कोणता भाग बाधित झाला ते संगणकाने आखून दाखवायचं, अशी ही स्पर्धा २०१५ पासून होते आणि तिचे स्कॅन अभ्यासासाठी मिळतात. मॉडेल चालवण्याआधी दहा स्कॅनवर त्या भागाची कड स्वतः हाताने आख, आठवड्याने तेच दहा पुन्हा आख आणि दोन्ही ताडून बघ. तुझ्याच दोन रेघा जुळणार नाहीत. यंत्र शिकतं ते अशाच रेघांवरून.

आजोबांचे दोन्ही स्कॅन सीडीवर असतील तर त्यांना विचारून, पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ते शेजारी शेजारी लावून दाखवायला सांग. कुठल्याही ऑनलाइन एआय साधनात मात्र ते टाकू नकोस, प्रत्येक फाइलमध्ये आजोबांचं नाव असतं.