मॅमोग्राम मोफत, मग बिल कशाचं?

प्रश्न : आम्ही अमेरिकेत राहतो. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, मेडिकेअरचा (ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट बी, म्हणजे डॉक्टर आणि तपासण्यांचा भाग, आहे. गेल्या वर्षी मॅमोग्रामला (स्तनांच्या एक्स-रे तपासणीला) एक डॉलरही लागला नाही, यंदा मात्र बिल आलं. त्या म्हणतात, आता ही तपासणीच नको. काय करावं?

उत्तर : तपासणी सोडू देऊ नका. आधी बिल नीट वाचू या.

मोफत असतो तो स्क्रीनिंग मॅमोग्राम, म्हणजे काही तक्रार नसताना केलेला. केंद्र मेडिकेअरचा दर मान्य करणारं असेल तर चाळिशीनंतर वर्षातून एकदा त्याचा पूर्ण खर्च पार्ट बी देतो, थ्रीडी मॅमोग्रामसकट. पण गाठ लागली, स्राव झाला किंवा फिल्ममध्ये शंका आली म्हणून पुन्हा बोलावलं, तर त्याच यंत्रावरची तपासणी डायग्नॉस्टिक, म्हणजे निदानासाठीची, ठरते. तिथे आधी वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विमा सुरू होण्याआधी स्वतः भरायची रक्कम (२०२५ साली २५७ डॉलर), आणि मग मंजूर रकमेचे २० टक्के भरावे लागतात. बहुतेक मेडिगॅप (मेडिकेअरला जोडून घेतलेला खासगी पूरक विमा) पॉलिसी हे २० टक्के उचलतात. मेडिकेअर अॅडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असेल तर प्लॅनचा को-पे, म्हणजे दर वेळी तुम्ही भरायचा वाटा, बघा.

बिलावर ७७०६७ हा कोड असेल तर स्क्रीनिंग. ७७०६५ किंवा ७७०६६ असेल तर डायग्नॉस्टिक. सासूबाईंना काहीच तक्रार नव्हती आणि तरी डायग्नॉस्टिक लागलं असेल, तर डॉक्टरांनी ऑर्डर काय लिहिली होती ते विचारा. चूक तिथे असेल तर दुरुस्त ऑर्डर घेऊन केंद्राला बिल पुन्हा पाठवायला सांगा. दुसरी गफलत तारखेची. तपासणीचा महिना सोडून मधे ११ कॅलेंडर महिने पूर्ण जावे लागतात : गेल्या वर्षी २० मार्चला झाली असेल तर यंदा १ मार्चपासून चालते, २५ फेब्रुवारीला नाही. मेडिकेअरने पैसे नाकारले असतील तर समरी नोटीस (मेडिकेअरकडून येणारा खर्चाचा तपशील) हाती आल्यापासून १२० दिवसांत अपील करता येतं.

बिल टळावं म्हणून गाठ लपवून स्क्रीनिंगला मात्र कधीही जाऊ नये. नेमक्या त्या जागेची जवळून फिल्म आणि सोनोग्राफी डायग्नॉस्टिकमध्येच होते. आणि पुन्हा बोलावलं म्हणजे कॅन्सरच, असं नाही. शंभरातल्या साधारण दहाजणींना बोलावतात, त्यातल्या बहुतेकींना काही निघत नाही.

प्रश्न : पंचाहत्तरीनंतर मेडिकेअर मोफत मॅमोग्राम बंद करतं का?

उत्तर : नाही, वयाची वरची मर्यादा नाही. प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्स या अमेरिकेतल्या तज्ज्ञमंडळाची २०२४ची शिफारस ४० ते ७४ वयापर्यंत दर दोन वर्षांनी अशी आहे. ७५नंतर पुरावा अपुरा, असं ते म्हणतात. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या मते तब्येत चांगली असेल आणि आणखी निदान दहा वर्षं आयुष्य अपेक्षित असेल तर तपासणी चालू ठेवावी. डॉक्टरांना सरळ विचारा : काही सापडलं, तर यांना उपचार झेपतील का?