चुरमुऱ्यांचा ‘सुशिला’ : नाव कुणा बाईचे?

सोलापुरात सासर असलेल्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, चुरमुऱ्यांच्या न्याहारीला तिकडे ‘सुशीला’ का म्हणतात, ते कुणा सुगरणीचे नाव आहे काय, आणि हा शब्द लिहावा कसा?

आमच्या लहानपणी आषाढीनंतर पंढरपूरहून प्रसादाचे चुरमुरे घरोघर येत आणि पावसाळी हवेने ते सादळले की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा सुशिला ठरलेलाच असे. चुरमुरे पाण्यात बुडवून लगेच दोन्ही तळव्यांत दाबून पिळायचे. क्षणभर उशीर झाला तरी त्यांचा लगदा होतो. मग मोहरी, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कांद्याची हळद घातलेली फोडणी, तिच्यावर ते चुरमुरे, आणि शेवटी डाळ्यांची भरड पूड व दाण्याचे कूट. ही पूड उरलेले पाणी शोषून घेते, म्हणून तिला फाटा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हाच पदार्थ सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात ‘सुसला’ या नावाने घरोघर होतो; बळ्ळारीकडे आणि आंध्रातील रायलसीमेत त्याच जातीच्या न्याहारीला ‘उग्गाणी’ म्हणतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा एकाच गल्लीत नांदणाऱ्या सोलापुरात ‘सुसला’ मराठी तोंडी आला आणि अपरिचित ध्वनींना ओळखीच्या नावाचा आकार मिळून त्याचा ‘सुशीला’ झाला, हेच मला सर्वांत सयुक्तिक वाटते. सुपारी या अर्थाच्या ‘अडके’ या कन्नड शब्दाशी नाते सांगणारा आपला ‘अडकित्ता’ पाहिला, तर कन्नड शब्द मराठी घरात किती सहज रुळतात ते कळते. सुगरणीची कथा नावावरून मागाहून रचली गेली असावी. अनेक घरांत ‘आज सुशिला केला’ असे पुल्लिंगी बोलले जाते, हेही लक्षात घ्यावे. नाव मुळात बाईचे असते, तर ‘केली’ हेच रूप सर्वत्र रूढ झाले असते.

लेखनाचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखननियमांप्रमाणे मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर दीर्घ असेल, तर उपान्त्य, म्हणजे त्याच्या आधीच्या अक्षरातील, इकार-उकार ऱ्हस्व लिहितात, जसे ‘महिना’, ‘पाहुणा’. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, शब्द तेवढे याला अपवाद आहेत. व्यक्तिनाम ‘सुशीला’ तत्सम असल्याने तेथे दीर्घ ‘शी’ योग्यच आहे. पदार्थाचे नाव मात्र संस्कृतातून आलेले नाही, असे मानले की ते ‘सुशिला’ असे ऱ्हस्व लिहावे लागते, आणि मी तसेच लिहितो.