अमेरिकेच्या यादवी युद्धात छावणीतला सैनिक घरच्यांशी नाते कसे टिकवून ठेवत असे?

मुख्यतः पत्रांनी. १८६१ ते १८६५ या काळात लढाईचे दिवस थोडे आणि छावणीतले फार. कवायत, पहारा, दगडासारखी बिस्किटे कॉफीत बुडवून खाणे आणि हगवण, विषमज्वर यांसारखे आजार, ज्यांनी गोळ्यांपेक्षा अधिक माणसे नेली. उत्तरेकडच्या सैनिकाला तिकिटाविना पत्र धाडता येई, टपालखर्च घरचे भरत. दक्षिणेत कागदाची इतकी टंचाई होती, की लिहिलेलेच पान आडवे धरून त्या ओळींवरून पुन्हा लिहीत. मला सर्वाधिक हेलावते ते मेजर सलिव्हन बलू यांनी १४ जुलै १८६१ रोजी पत्नी सेरा हिला लिहिलेले पत्र: आठवडाभरातच बुल रनच्या लढाईत ते प्राणघातक जखमी झाले आणि पाठवायचे राहिलेले ते पत्र नंतर त्यांच्या सामानात सापडले.